तीन पूर्ण नाहीत

महादेवपुऱ्यातल्या एका अंगणवाडीत मी बावीस वर्षं शिकवलं. शिकवलं म्हणजे नाकं पुसली, वजनं केली, सांबार-भात वाढला, गाणी म्हटली आणि उरलेल्या वेळात रजिस्टरं भरली. एकच खोली, मदतीला एक अक्का आणि तीसेक मुलं. तीन ते सहा वर्षांचं मूल आत बसायचं. त्याहून लहान असेल तर आईने पिठाचं पाकीट न्यायचं आणि मूल घरी सांभाळायचं. घरी कोण सांभाळणार, हे विचारायला रजिस्टरात रकाना नव्हता.

एका वर्षी मागच्या पत्र्याच्या शेडमधली एक बाई आली. टेक पार्कमध्ये झाडलोट करायची. कडेवर धाकटी, मागे पाठीला दप्तर लावलेली आठ वर्षांची थोरली.

"मिस, स्वल्प ॲडजस्ट माडी," ती कानडीत म्हणाली. जरा सांभाळून घ्या, असं.

मी कार्ड पाहिलं. धाकटीला तीन पूर्ण व्हायला सात महिने होते. असंच एक लहान मूल आत सापडलं म्हणून महिन्यापूर्वी सुपरवायझरबाईंनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली होती. मी नियमावर बोट ठेवलं. "तीन पूर्ण झाली की आणा."

"सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणून ती निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून थोरली धाकटीला घेऊन आमच्या पायरीवर बसू लागली. आई कामावर, मग दुसरं कोण होतं? तिची शाळा रस्त्यापलीकडेच होती, घंटा आम्हालाही ऐकू यायची. पहिले काही दिवस दप्तर पाठीला असायचं, मग त्यात धाकटीचे कपडे दिसू लागले. आत आम्ही गाणं धरलं की ती बाहेर धाकटीचे हात धरून टाळ्या वाजवायची. अक्का त्यांना गुपचूप भात द्यायची आणि मी न पाहिल्यासारखं करायची. माझं औदार्य तेवढंच.

इथे पाळणाघर होणार, आणखी एक खोली मिळणार, असं आम्ही दर मीटिंगला ऐकायचो. माझा नातू तेव्हा मारतहळ्ळीच्या एका खासगी पाळणाघरात जायचा, अकराव्या महिन्यापासून. सून ऑफिसातून मोबाइलवर त्याला झोपलेला बघायची. मला त्याचं फार कौतुक होतं. पायरीवरच्या त्या दोघींना बघितलं की त्याच कौतुकाची लाज वाटायची, आणि सरकारचा रागही यायचा. राग घरी जाऊन सांगायचा, एवढंच माझ्या हातात होतं.

सात महिन्यांनी धाकटी आत आली. मी तिला कुंकू लावलं, हातावर गूळ ठेवला आणि थोरलीला म्हणाले, "आता तू शाळेत जा हं."

ती गेली. तासाभरात परत आली आणि दारातच उभी राहिली.

"तिकडे मला आता काही कळत नाही," कानडीत म्हणाली. "मिस, मी इथेच बसू? मला सगळी गाणी येतात."

तिला नववं संपत आलं होतं. आमच्याकडे सहापर्यंतच घेतात. मी तिला तेच सांगितलं.