दारूला हात

मला बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "दारू?" मुलगा म्हणाला, "दारूला हात लावत न्हाय." वडील तुळजापुरातले मास्तर, त्यांचं तेवढ्यावर समाधान झालं. माझं झालं नाही. मुलगा तेरखेड्याचा होता, घरचा कारखाना फटाक्यांचा, आणि तेरखेड्यात दारू म्हणजे आधी फटाक्यातली दारू. त्याच्या वडलांनी चहाचा कप उचलला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. माझं सगळं लक्ष त्या कपाकडं.

मग आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला सोडलं. मी सरळच विचारलं, "पिण्याची जाऊ द्या. कारखान्यातली?"

"तिलाबी न्हाय," आमचे हे म्हणाले. "मी दुकान बघतो, माल पोचवतो."

"दारू कालवायच्या खोलीत जाणाऱ्या माणसाशी मला लग्न करायचं नाही. आधीच सांगते."

"न्हाय जात."

त्या दोन शब्दांवर मी होकार दिला.

लग्न झालं, देवीला जाऊन आलो, आणि चौथ्या दिवशी अंदमानला निघालो. हा हट्ट माझा. मी वहीत यादीच केली होती: काचेच्या तळाची होडी, पाण्यात तोंड घालून रंगीत मासे बघायचे, भाड्याची स्कूटर, शहाळं, खेकडा, केळीच्या पानात भाजलेला मासा. सासूबाईंनी तरी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीच. "तिकडं काय मिळतंय न मिळतंय," म्हणाल्या.

पुण्याच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत जवानानं आमची हातातली पिशवी बाजूला काढली. एका कापडी पट्टीनं तिचे बंद पुसले, पट्टी मशीनमध्ये घातली. मशीन वाजलं. मला वाटलं, चटणीमुळं. मग त्यानं नवीन पट्टी घेतली आणि ह्यांचे तळहात पुसले. मशीन पुन्हा वाजलं.

"क्या काम करते हो?"

ह्यांना घाम फुटला. "दारू का काम है, साहब."

"शराब का?"

"नहीं नहीं. पीनेवाली नहीं, फूटनेवाली."

अख्खी रांग आमच्याकडं वळली. आणखी दोघं जवान आले. पिशवी पार उलटी केली, धपाट्यांची घडी न् घडी उघडली. ह्यांनी मोबाइलमधला परवान्याचा फोटो दाखवला. तिकडं आमच्या विमानाची शेवटची हाक होत होती. पण खरं सांगते, मला विमानाचं काही वाटत नव्हतं. मी त्या हातांकडं बघत होते. लग्नात मेंदी लागलेले, चार दिवस माझ्यासमोर धुतलेले हात. त्यांवरची दारू मशीनला कळली, मला कळली नव्हती.

मग जवानानं माझेही हात पुसले. मशीन गप्प. आम्हाला सोडलं, धावत सुटलो, विमान मिळालं. जागेवर बसल्यावर मी एवढंच विचारलं, "कधी गेला होता खोलीत?"

"काल सकाळी. थोडंच काम हुतं."

मी खिडकीकडं तोंड केलं.

बेटावर मी सूड उगवल्यासारखी यादी पुरी करत सुटले. काचेच्या होडीत सगळे खाली मासे बघत होते आणि मी काचेवर टेकलेले ह्यांचे पंजे बघत होते. बोटं मोजली, डाव्याची पाच, उजव्याची पाच. शहाळं प्याले, त्याची चव आठवत नाही. पाण्यात उतरायच्या वेळी होडीवाला म्हणाला, एकमेकांचा हात धरा. ह्यांनी हात पुढं केला. मी होडीवाल्याचा दोर धरला. हे पोहायला शिकलेले नव्हते, कंबरेएवढ्या पाण्यात भेदरून उभे होते, आणि मला वाईट वाटण्याऐवजी राग आला. पाण्याला भितात आणि त्या खोलीला भीत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी केळीच्या पानातला मासा मागवला. आमच्याकडं मासा म्हणजे तलावातला, तोही कधीमधी. मला काटे काढता येईनात. ह्यांनी न बोलता माझं ताट ओढलं आणि बोटांनी काटे काढू लागले. केसाएवढे बारीक काटे, एकही तुटला नाही. किती सावध बोटं. ती कुठं शिकली असतील ते मला कळत होतं, आणि माझा तोल गेला.

"तू खोटं बोललास," मी म्हटलं. नवऱ्याला पहिल्यांदाच एकेरीवर आले.

हे काटे काढतच राहिले. "वडलांचा हात थरथरतोय आता. आत कुणाला धाडू? बाहेरच्या माणसाला? त्याच्याबी घरी बायको हाय."

"आणि माझ्या घरी?"

ह्यांनी ताट माझ्यापुढं सरकवलं. मासा गार झाला. मी तो खाल्ला, कारण काटे काढून दिलेला होता. आणि खाताना रडले. मला राग करायचा होता तेवढा करता येईना, कारण माणूस चुकीचं बोलत नव्हता.

उरलेले दिवस मी हात धरला. सोडतच नव्हते म्हणा ना. समुद्रात, स्कूटरवर, खेकडा फोडताना. परतीच्या विमानतळावर पुन्हा पट्टी फिरवली. ह्यांनी दोन्ही तळहात पुढं केले, आणि या वेळी मशीन वाजलं नाही. आठवड्याच्या खाऱ्या पाण्यानं सगळं गेलं होतं. हे माझ्याकडं बघून हसले. मी म्हटलं, "असेच राहू द्या ना." हे पिशवी उचलून पुढं चालू लागले.

तेरखेड्याला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हे जुने कपडे घालून निघाले. कारखान्याच्या खोल्या शेतात लांब लांब बांधलेल्या, कालवायची सगळ्यात लांब. मी दारातून बघत राहिले, मग स्वयंपाकघरात आले. सासूबाईंच्या भाकरी झाल्या होत्या. एक ताट त्यांनी झाकून बाजूला ठेवलं होतं.

"मामंजींचं का?" मी विचारलं.

"त्यांचं झालं मघाच. माजं हाय."

"मग जेवून घ्या ना, गार होतंय."

"खोलीतनं मानूस बाहेर आल्याबिगर घास उतरत न्हाय गं. आदी मालकासाठी बसायचे, आता लेकासाठी." त्यांनी पाट सरकवला. "तूबी बस."

आज चार वर्षं झाली. गावात म्हणतात, मास्तरांची पोर जुन्या वळणाची, नवऱ्याच्या आधी जेवत नाही. म्हणू देत. रोज सकाळी आम्ही दोघी दोन झाकलेली ताटं पुढ्यात घेऊन बसतो, हौदावर हात धुतल्याचा आवाज येईपर्यंत.