रबर की नुसता रंग

माझ्या नातीचे गुडघे दुखायचे, आणि ते दुखायचे म्हणून मी सुखात होते. असं कुणी उघड बोलत नाही, पण आता लपवून तरी काय करायचंय?

मुलाकडे न्यूझीलंडात पामर्स्टन नॉर्थला सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा नात बारा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी विचारायचे, "शाळेत काय झालं गं?" ती म्हणायची, "नथिंग." संपलं! मग ती नेटबॉल म्हणून बास्केटबॉलसारखा एक खेळ असतो, त्याच्या टीममध्ये गेली आणि गुडघे धरले. घरामागे जुन्या गॅरेजचा सिमेंटचा कोबा तसाच पडून होता. शाळेतून आली की पोरगी त्यावर उड्या मारत सुटायची. फिजिओ म्हणाली, वाढतं वय आहे, घाबरू नका, फक्त जरा जपा. गुडघ्याखाली एक जागा अशी होती, की बोट लागलं तरी किंचाळायची. "फार दुखतं का गं?" म्हटलं, तर "हीप्स, आजी." इकडची पोरं 'खूप'ला असंच म्हणतात.

मी तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण घालून कढवलं आणि वाटी घेऊन बसले. पहिल्या दिवशी तिने नाक मुरडलं. "आय स्मेल लाइक भजी!" दुसऱ्या दिवशी आपणहून पाय माझ्या मांडीवर टाकले. आणि एकदा पाय मांडीवर आले की तोंड सुटायचं. कोण कोणाशी बोलत नाही, कोणत्या सरांनी विग लावलाय, सगळं. निम्मं मला कळत नसे, तरी मी हूं हूं करत असे. दिवसभर त्या अर्ध्या तासाची वाट बघायची मी.

आणि मग विहीणबाई आल्या. सुनेची आई, नाशिकची. जन्म शाळेत पी.टी.च्या बाई म्हणून गेला, त्याआधी खो-खोच्या खेळाडू. अडुसष्टाव्या वर्षी ट्रॅक पँट! दोन दिवसांत नात 'नाशिक आजी, नाशिक आजी' करत त्यांच्या मागे. मी झाले 'पुणे आजी'. तोवर मी नुसती आजी होते, बरं का! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

विहीणबाईंनी कोबा पाहिला, त्यावर टाच आपटली आणि म्हणाल्या, "अहो, हा पाटा-वरवंटा आहे. पोरीचे गुडघे राहतील का यावर?" मुलगा तसाही तिथे कोर्ट करणारच होता. रंग मारायचा, रेघा ओढायच्या, एक खांब रोवायचा, झालं. पण आता नमुने मागवले गेले. एका शनिवारी डेकवर, म्हणजे मागच्या लाकडी ओट्यावर, सगळी मांडामांड झाली: रंगाचा तक्ता, हिरवं खोटं गवत, आणि निळ्या प्लास्टिकची जाळीदार फरशी, खाली रबराचा थर असलेली. रंगाचा तक्ता इथल्या वाऱ्याने दोनदा शेजारच्या कुंपणावर नेऊन ठेवला.

विहीणबाई अनवाणी झाल्या. गवतावर चेंडू आपटून बघितला, "मेला हा," म्हणून गवत बाजूला सारलं. फरशीवर पाणी ओतून पाय घासला. मग त्या फरशीवर खो-खोत बसतात तशा उकिडव्या बसल्या आणि तिथूनच भाषण सुरू केलं. "या खेळात चेंडू हातात आला की जागच्या जागी थांबावं लागतं. सगळा दणका गुडघ्यावर. रबरच हवं."

"कशाला ते रबर?" मी म्हटलं. "जाळीत पानं अडकतील, ती कोण काढणार? कोब्याला रंग मारा, वरून पाणी मारलं की स्वच्छ."

मुलगा लगेच म्हणाला, "आईचं बरोबर आहे."

पानांचं मला काडीचंही पडलं नव्हतं. गुडघे बरे झाले तर संध्याकाळी माझ्याकडे कोण येणार, एवढंच डोक्यात होतं. जिच्या पायात काटा रुतला तर माझ्या डोळ्यांत पाणी येतं, तिचे गुडघे दुखतच राहावेत म्हणून मी वकिली करत होते. कळत होतं मला. तरी जीभ थांबेना.

सून आणि तिची आई रबराच्या बाजूने, मुलगा आणि मी रंगाच्या. शेवटी सून लेकीला म्हणाली, "कोर्ट तुझं, तूच ठरव." पोरीने दोघी आज्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुणे आजी नोज माय नीज." म्हणजे तिचे गुडघे मला ठाऊक, मी सांगेन ते.

विहीणबाईंचं तोंड एवढंसं झालं. देवाशपथ सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या.

त्या उठायला गेल्या, पण उठता येईना. एकदा अर्ध्या उठल्या आणि परत खाली बसल्या. मग डेकचा कठडा धरून, ओठ दातांत दाबून कशाबशा उभ्या राहिल्या. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. मी मात्र रोज गुडघेच बघत होते.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"झाली वीसेक वर्षं. मुरमाच्या मैदानावर पळून पळून गेले कामातून. आमच्या वेळी कोण सांगणार होतं?" आणि हसल्या.

मी नातीकडे पाहिलं. जाळीच्या भोकात बोट घालून बसली होती.

"रबर," मी म्हटलं.

"अगं आई, आत्ताच तर तू..."

"आत्ताच काय? माणसाने मत बदलू नये? पानं मी झाडीन!"

कोर्ट झालं. पानं अडकायची ती अडकलीच. रोज सकाळी मी खराटा घेऊन निळ्या फरशीवर, करते काय! संध्याकाळी तिथे दोघींचा दंगा. "वाक! गुडघे वाकव!" आणि खिदळणं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायचे आणि जळायचे. तेलाला नात आधी रोज यायची, मग एक दिवसाआड, मग आठवडाभर आलीच नाही. मी मात्र रोज वाटी गरम करायचे आणि ते तेल स्वतःच्याच पायांना चोळायचे.

मला परत निघायला चार दिवस उरले होते. नात कोर्टावरून आत आली, घामाघूम, मागून विहीणबाई. मला राहवलं नाही.

"आज दुखतंय का गं? थोडं तरी?"

नातीने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या वाटीकडे.

"हीप्स, आजी," ती म्हणाली, आणि पाय माझ्या मांडीवर टाकले.

गुडघ्याखालच्या त्या जागेवर मी अंगठा ठेवला आणि चांगला जोरात दाबला. पोरगी हललीसुद्धा नाही. विगवाल्या सरांचं काहीतरी सांगत होती, तेच सांगत राहिली.

"फार सुजलंय गं बाई," मी म्हटलं, आणि आणखी तेल घेतलं.