कोर्सचा अर्ज

पलटणीतल्या वायरलेसवाल्या पोराला सगळे ‘मुका’ म्हणत, कारण तो दोन शब्दांत बोलणं उरकायचा. तेविसाव्या वर्षी त्याने हिय्या करून इंजिनिअरिंगच्या कोर्ससाठी अर्ज केला. सुभेदाराने तो परेडवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला आणि विचारलं, “आरशात तोंड बघितलंस का कधी?” अख्खी रांग खदाखदा हसली. त्याचा जिवलग दोस्तसुद्धा हसला.

दोन वर्षांनी नव्या साहेबाने त्याला स्वतःहून बोलावलं. “वायरलेसच्या परीक्षेत तू पलटणीत पहिला आहेस. कोर्सला जातोस?”

मुका म्हणाला, “नको साहेब, मला नाही झेपणार.”

साहेबाने दुसऱ्याचं नाव लिहिलं. दाराशी उभा असलेला सुभेदार हसून म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं, साहेब? याच्यात दमच नाही.”

मुक्याने मान डोलावली. त्याला ते मनापासून पटलं होतं.