बसच्या ट्यूबवरून किनाऱ्याला

किनाऱ्यापासून आम्ही आठशे चाळीस पावलं आत होतो. हा आकडा मी नंतर कुणाला सांगितला की लोक हसतात, पण तो खरा आहे. खाडीत उतरताना पावलं मोजायची मला सवय होती, कारण मला पोहता येत नाही आणि परत किती चालायचंय हे माहीत असलं की भीती कमी वाटते. माझं गाव सोलापूरकडचं. तिथल्या नदीला पाणी असायचं तेही फार तर गुडघाभर.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. बहरीनमध्ये येऊन मला अकरा वर्षं झाली होती. एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. दर तासाला गेज बघायचे, आकडे रजिस्टरात लिहायचे, मागच्या तासाशी ताडून पाहायचे. घर ईसा टाउनला, मुलांच्या शाळेपासून जवळ. त्या शाळेच्या बसवर रत्नागिरीकडचा एक ड्रायव्हर होता, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मुलीला बसमध्ये चढवता चढवता ओळख झाली आणि पुढे तो घरचाच झाला. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला साहेब म्हणायचा, पण त्यात आदर कमी आणि चेष्टा जास्त. सकाळी बस थांबली की खिडकीतून आधी 'जय भीम साहेब' आणि मग लगेच 'आज गेज काय म्हणतात?'

थंडीत शुक्रवारी सुट्टीला आम्ही तुबलीच्या खाडीत खेकडे पकडायला जायचो. आम्ही त्याला शिकारच म्हणायचो. ओहोटीला पाणी लांब आत जातं, चिखलात छोटी डबकी उरतात आणि खेकडे त्यांच्या तळाशी वाळूत अंग पुरून बसतात. टोकाला वाकवलेली सळई हळूच खाली सरकवायची, खेकड्यानं नांगी आवळली की वर उचलायचा. सळया गॅरेजवाल्याकडून करून घेतलेल्या. दादाची खरी मिजास मात्र त्याच्या ट्यूबची. बसच्या जुन्या टायरची मोठी काळी ट्यूब, हवा भरून टम्म केलेली, तिच्या मधल्या भोकात बसवलेला प्लॅस्टिकचा टब आणि ट्यूबला बांधलेली दोरी कमरेला. खेकडे टबात टाकायचे आणि ट्यूब मागे ओढत चालायचं. त्याच्या गावच्या खाडीत सगळे असंच करतात म्हणे. भरती-ओहोटीच्या वेळा वर्तमानपत्रातून उतरवून घ्यायचं काम माझं.

त्या दिवशी ओहोटीचा तळ सात वाजून पाच मिनिटांनी होता. सव्वासातला माझ्या छातीत जडपणा आला. कुणीतरी मधोमध तळहात दाबून धरावा तसा. आदल्या संध्याकाळी एका मित्राकडे मटण झालं होतं, म्हणून मी गॅस समजलो. खिशात ओवा होता, तो चावला. सात वीसला डाव्या जबड्यात दुखायला लागलं, तेव्हा दाढ समजलो. सात पंचविसला गार वाऱ्यात गळ्यावरून घाम ओघळला, त्याला मात्र काही नाव देता येईना. तरी मी गप्प राहिलो. मशीनवर असा आकडा दिसला असता तर मी एका मिनिटात फोन उचलला असता. इथे मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि पुढच्या रीडिंगची वाट पाहत होतो.

गप्प राहण्याचं कारणही सांगितलं पाहिजे. दोन महिन्यांनी माझा व्हिसा नूतनीकरणाला जायचा होता आणि त्याआधी मेडिकल होती. आमच्याकडचा एक फिटर आदल्या वर्षी मेडिकलमध्ये अनफिट ठरून घरी गेला होता. मुलं शाळेत होती. छातीत दुखतं हे शब्द तोंडातून काढले तर ते खरे होतील, असं मला वाटत होतं.

"दादा, चला आता," मी एवढंच म्हणालो. "पाणी फिरलंय."

"निघायच्या वेळेला अजून वीस मिनिटं हायेत की. तुमच्याच कागदावर लिहिलंय."

"पुरे झाले. चला."

तो सळई खांद्यावर टाकून निघाला. मी मागून पावलं मोजत निघालो. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतायचा आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागायचं. एकशे साठाव्या पावलाला मी थांबलो. थांबलो म्हणजे खाली बसलो, ओल्या चिखलात, पँटीसकट.

दादा वळला. टबातल्या खेकड्यांबद्दल काहीतरी बोलत होता तो मध्येच थांबला.

"तोंड पिठासारखं झालंय तुमचं. काय होतंय?"

"गॅस."

"गॅसनं हात कोण धरून बसतं?"

मी डाव्या हाताचं कोपर उजव्या हातानं धरून ठेवलं होतं, हे मलाच माहीत नव्हतं. मग मी सगळं सांगितलं, वेळेसकट. सव्वासात, सात वीस, सात पंचवीस. तो ऐकत असताना माझ्याकडे बघत नव्हता, आतल्या बाजूला, पाण्याकडे बघत होता.

मी उठायला लागलो. "सहाशे ऐंशी पावलं राहिली. या चालीनं पंधरा मिनिटं. त्याच्या आत पाणी गुडघ्याला यायचं नाही. आत्ताच निघू."

"बसा खाली."

"दादा, मला पोहता येत नाही."

"बसा म्हणतो ना. एक पाऊल टाकायचं नाय."

"मग काय इथे बसून बुडायचं?"

"बुडायला आधी पाणी तर येऊ दे," तो म्हणाला आणि त्यानं टब ट्यूबमधून उपसून पालथा केला.

तेवीस खेकडे होते. निळ्या नांग्यांचे, चांगले मोठे. पालथे, उताणे पडले आणि आडवे धावत सुटले. मला खरंच वाईट वाटलं. त्या अवस्थेतही मी म्हणालो, "अहो, निदान सहा-सात तरी ठेवा." त्यानं ट्यूब माझ्याजवळ आणून ठेवली, मला काखेत धरून किनाऱ्याकडे पाठ करून तिच्यावर टेकवलं, पाय पुढे सरळ केले. स्वतःचा शर्ट काढून माझ्या मानेखाली घातला. मग दोरी हातात घेऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"आता काय?"

"आता पाणी. घोट्याला लागलं की ट्यूब चिखलावरून घसरते. कोरड्यावर ओढली तर मीपण तुमच्याशेजारी झोपेन."

त्या बारा मिनिटांएवढी लांब बारा मिनिटं मी आयुष्यात दुसरी पाहिली नाहीत. ज्या पाण्याला मी अकरा वर्षं भीत आलो त्याच पाण्याची वाट बघत आम्ही दोघं बसलो होतो. ते आवाज न करता आलं. आधी डबकी एकमेकांना जोडली गेली, मग चिखल चकाकला, मग माझ्या टाचा गार पडल्या. छातीवरचा हात तसाच होता. मला दोनदा वाटलं की हा माणूस चुकतोय, आपण उठून चालायला हवं. एकदा मी कोपरावर रेटा देऊन उठूही लागलो. त्यानं माझ्या खांद्यावर तळवा ठेवला आणि काढलाच नाही.

पाणी त्याच्या घोट्यावर आलं तसा तो उठला, दोरी खांद्यावरून घेतली आणि झुकला. ट्यूब हलली. माझ्या टाचा चिखलात रेघा ओढत होत्या. पहिली शंभरेक पावलं फार कष्टाची गेली, डोक्यामागून मला त्याच्या धापा ऐकू येत होत्या. मग पाणी पोटरीपर्यंत चढलं आणि ट्यूब आपोआप चालल्यासारखी झाली. माझं बूड पाण्यात, पाय तरंगत आणि वर आकाश. मी किनारा बघू शकत नव्हतो, कारण मला उलटं, आतल्या बाजूला तोंड करून बसवलेलं. त्याला विचारलं, "किती राहिलं?"

"बोलू नका."

"नुसता आकडा सांगा."

"आकडा मला येत नाय. तुम्ही माझं ऐका." आणि त्यानं आपल्या गावच्या एका म्हशीची गोष्ट सुरू केली. ती म्हैस भरतीच्या वेळी खाडी ओलांडून पलीकडच्या गावात जायची आणि दूध काढून झालं की परत यायची, त्यामुळे दूध पलीकडचेच लोक प्यायचे. गोष्टीला धड शेवट नव्हता. धापा टाकत, तुटक तुटक तो ती सांगत राहिला आणि मी ऐकत राहिलो. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं. बुडायची भीती मला त्या वेळी आठवलीही नाही.

किनाऱ्याला लागलो तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. किनाऱ्यालगतची गॅरेजं शुक्रवारची बंद. एका गॅरेजचा पठाण चौकीदार धावत आला आणि दोघांनी मला उचलून माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर घातलं. दादा बारा वर्षं शाळेची बस चालवत होता. साठच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही हा त्याचा नेम. मी पडल्या पडल्या दोन सीटांच्या मधून स्पीडोमीटर बघितला. एकशे दहा. तेव्हा मला कळलं की माझं खरंच काहीतरी बिघडलं आहे.

सरकारी हॉस्पिटलात ईसीजी निघाला, इंजेक्शनं झाली आणि मला काचेच्या खोलीत ठेवलं. डॉक्टर सुदानी होते, फार शांत माणूस. दुखायला लागल्यावर किती चाललात, हे त्यांनी तीनदा विचारलं. मी एकशे साठ पावलं सांगितली. बाकीचं अंतर कसं आलात, हे सांगितल्यावर त्यांनी लिहिणं थांबवलं आणि हसले. म्हणाले, हृदयाचा एक छोटा भाग गेला आहे, बाकीचा वाचला आहे. चिखलातून उरलेलं अंतर चालला असतात तर मी हे तुमच्याशी बोलत नसतो.

इकडे माझी बायको दादाशी बोलत नव्हती. त्यानंच मला शिकारीचा नाद लावला, हे तिचं जुनं म्हणणं होतं आणि आता तिला पुरावा मिळाला होता. तीन दिवस तो वॉर्डात आला की ती पाण्याची बाटली भरायला बाहेर जायची. त्यालाही ते कळत होतं. तो स्टुलावर बसून संत्रं सोलायचा, अर्धं मला द्यायचा, अर्धं माझ्या मुलीला. मुलीनं एकदा विचारलं, "अंकल, यू पुल्ड माय डॅड लाइक अ कार?" तो म्हणाला, "यस. नो पेट्रोल."

चौथ्या दिवशी मी त्याला विचारलं, "दादा, चालायचं नाही हे तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं हातातल्या संत्र्याच्या शिरा काढल्या. मग म्हणाला, "थोरला भाऊ होता माझा. नांगरताना छातीत कळ आली. दवाखाना रस्त्यापलीकडे, दीड मैल. मी म्हटलं, चल हळूहळू, मी हाय ना. खांद्याला हात देऊन चालवत नेला मी त्याला." त्यानं फोडी माझ्या हातावर ठेवल्या. "रस्ता दिसत होता, साहेब. समोर दिसत होता."

बायको दारात उभी होती. बाटली भरून कधी आली होती ते आम्हाला कळलं नाही. ती आत आली, बाटली ठेवली, माझ्यासाठी आणलेला डबा उघडला. डाळ-भात आणि मेथीची भाजी, मीठ जवळजवळ नाही. तिनं ताटलीत वाढलं आणि ताटली त्याच्या पुढ्यात ठेवली.

"वहिनी, हे साहेबांचं."

"त्यांना हॉस्पिटलचं मिळतं. जेवा तुम्ही, भाऊजी."

तो जेवायला लागला. दोन घास झाल्यावर तिनं विचारलं, "किती वेळ ओढत होतात यांना?"

"घड्याळ साहेबांच्या हातात होतं. विचारा त्यांनाच."

"अडतीस मिनिटं," मी म्हणालो.

त्याचा घास हातातच राहिला. "अडतीस? खोटं बोलता. दोन तास झाले असतील." मग तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तुम्ही मध्ये दोनदा डोळे मिटलेत. तेव्हा मला परत वळून बघायचा धीर होत नव्हता. म्हणून ती म्हैस. तुम्ही हूं म्हणत होतात ना, तेवढ्यावर चाललो होतो."

मी हूं म्हणत होतो, हे मला माहीत नव्हतं. बायकोनं त्याच्या ताटलीत आणखी भात वाढला. तो नको म्हणाला नाही.