बेनीमामांचं रंधा मशीन

आता आम्ही भेटतो ते बहुतेक कुणाच्या तरी तेराव्याला. पनवेलला बंदराकडे जाताना करीमशेठची लाकडाची वखार होती, तिथे आम्ही आठ माणसं कामाला होतो. आता तिघं उरलो आहोत. जेवणं आटोपून ओटीवर सुपारी कातरत बसलं की कुणीतरी हळूच म्हणतं, "तो शनिवार आठवतो का रे?" की झालं सुरू. गेलेल्या माणसाबद्दल गंभीरपणे चार शब्द बोलणं आम्हाला जमत नाही. किस्से तेवढे जमतात, आणि दर तेराव्याला त्यात एखाददुसऱ्याची भर पडते. त्यातले बरेचसे बेनीमामांचे आणि त्यांच्या रंधा मशीनचे.

* * *

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी शेठनी मुंबईहून एक जुनं रंधा मशीन आणलं. तोवर आम्ही सगळं लाकूड हातानेच रंधायचो. ट्रकमधून ते धूड उतरवायला दहा माणसं लागली. फळी एका बाजूने घालायची, आतले रूळ ती ओढून घेतात, वर तीन पाती बसवलेला लोखंडी गोल गरगर फिरतो आणि पलीकडून फळी गुळगुळीत, एकसारख्या जाडीची होऊन बाहेर येते. ऐकायला सोपं आहे.

ते चालवायला शेठनी बेनीमामांना ठेवलं. नाव बेंजामिन. पनवेलचेच ज्यू. घरात बोलणं मराठी, ताटात मासे-भात, सगळं आपल्यासारखंच. फक्त शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत ते कामाला हात लावायचे नाहीत. उमेदीची वर्षं सगळी रेल्वेच्या कारखान्यात गेली होती आणि तिथून सुटून ते घरी बसले होते.

मामा आले आणि मशीन चालू करायच्या ऐवजी त्यांनी ते उघडायलाच घेतलं. आठ दिवस एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून पुसत बसले. शेठ रोज सकाळी यायचे, मशीनचं ते सुटं सामान बघायचे आणि परत जायचे. नवव्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"बेनीभाय, हे चालू कधी व्हायचं?"

"चालू कुणीही करेल, शेठ. बंद कसं होतं ते बघतोय."

आणि खरंच, मशीन बंद करायचं बटण आतून तुटलेलं होतं. आधीच्या मालकाने ते सांगितलं नव्हतं, मामांनीच ते शोधून दुरुस्त केलं. त्याने मशीन का विकलं, हे आम्हीही कधी विचारलं नाही.

* * *

मशीनवर आम्ही तिघं असायचो. फळी घालायला मी. पलीकडून धरायला धर्मा. आणि बाकी सगळं, म्हणजे तेल, पट्टा, पाती, जाडी, ते मामांकडे. धर्मा कळंबोलीहून चालत यायचा. त्यांची भातशेती खाडीच्या बांधाला लागून होती. एका उधाणात बांध फुटला, खारं पाणी आत आलं, आणि त्यानंतर तिथे भात काही झालं नाही. म्हणून तो वखारीत आला. बोलायचा कमी. दिवसाला दहा-बारा शब्द.

मामांचा पहिला नियम होता, हातभरापेक्षा आखूड तुकडा मशीनमध्ये घालायचा नाही. मागच्या रुळाने सोडला आणि पुढच्याने पकडला नाही, तर तो मधेच पात्याखाली उभा राहतो आणि उलटा फेकला जातो. दुसरा नियम, फळी घातली की तिच्या रेषेत उभं राहायचं नाही.

एकदा मामा प्रार्थनेला गेलेले असताना मी एका पाटाची फळी घातली. आखूड होती, पण एवढ्याने काय होणार, असं वाटलं. ती माझ्या कमरेजवळून गेली आणि मागच्या पत्र्यातून आरपार बाहेर पडली. पत्र्याला पडलेल्या भोकातून बाहेरचा रस्ता दिसत होता.

मामा आले. भोक बघितलं, मला बघितलं.

"उभा कुठे होतास?"

"बाजूला."

"मग अर्धं शिकलास," म्हणाले, आणि तेलाची बुधली घेऊन कामाला लागले.

* * *

आता तो शनिवार.

पात्यांना हात लावायच्या आधी मामा भिंतीवरचा फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. नुसतं बटण बंद करून त्यांचं भागत नसे. "बटणाला दुसऱ्याचाही हात लागतो. खिशाला लागत नाही," म्हणायचे.

एका शुक्रवारी त्यांनी पाती काढली, तेवढ्यात दिवेलागण झाली आणि ते तसेच घरी गेले. फ्यूज खिशात. शनिवारी सकाळी शेठनी गावातून एका मिस्त्रीला पाती बसवायला बोलावलं आणि धर्माला मामांकडे फ्यूज आणायला पाठवलं.

धर्मा गेला. मामा खाटेवर बसलेले. त्यांनी खुंटीवरच्या सदऱ्याकडे बोट केलं. "तिथे आहे. मी आज हात लावणार नाही, तू घे. पण पाती कोण बसवतंय?"

धर्माने मिस्त्रीचं नाव सांगितलं. मामांनी सदऱ्याकडचं बोट खाली घेतलं. धर्मा थोडा वेळ सदऱ्याकडे बघत उभा राहिला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"मामा घरी नाय," त्याने शेठना सांगितलं.

"अरे, शनिवारी तो माणूस घर सोडून जाईल कुठे?"

"मना काय म्हाईत, शेठ. सदरा व्हता, मामा नव्हते."

त्या दिवसाचे शब्द त्याने तिथेच संपवले.

* * *

मामांच्या हिमतीचे किस्से आम्ही बाहेर सांगत फिरायचो. शेठ मागून ओरडत यायचे, "बेनीभाय, लवकर, माणूस थांबलाय," आणि मामा मान वर न करता पान्याने बोल्ट आवळत राहायचे. शेठ दोनदा ओरडायचे, तीनदा ओरडायचे, शेवटी निघून जायचे. मालकाला असं उभं ठेवणारा माणूस आम्ही दुसरा बघितला नव्हता. चहाच्या दुकानात आम्ही त्यांच्यासारखा चेहरा करून दाखवायचो. लोक हसायचे, आम्हीही हसायचो.

* * *

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो वगळून पुढचे कळत नाहीत.

एका शाळेच्या बाकांचं काम आलं होतं. लाकूड जुन्या मोडीत निघालेल्या पडावाचं, म्हणजे मालवाहू होडीचं. तसल्या लाकडात खिळे असतात, म्हणून मामा प्रत्येक फळीवरून आधी लोहचुंबक फिरवायचे, मग उघडा तळवा. त्यांनी मूठभर खिळे काढले. एक आत खोल मोडलेला राहिला आणि तिन्ही पात्यांना खाच पाडून गेला.

मामांनी फ्यूज काढला, पाती उतरवली, धार लावली, परत बसवली. पातं बसवायची त्यांची एक रीत होती. गोलाईवर बसेल असा लाकडी ठोकळा ठेवायचा, पात्याची धार त्याला नुसती टेकली पाहिजे. मग बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. शेवटी पुन्हा पहिल्यापासून सगळे बघायचे. त्या दिवशी शाळेचे हेडमास्तर आलेले, शेठ त्यांच्याबरोबर उभे, आणखी दोन माणसं. ते शेवटचं बघणं झालं की राहिलं, मला आजही सांगता येणार नाही.

मशीन चालू केलं तेव्हा आतून बारीक टकटक आली.

"मामा, आवाज येतोय," मी म्हणालो. हाताने मशीनकडे खूणही केली.

मामा वाकले, कान जवळ नेला आणि मान हलवली. "ठीक आहे."

टकटक मी ऐकली होती. बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. पण मामा ठीक म्हणाले, आणि मी फळी घातली. एक गेली, दुसरी गेली. तिसऱ्या फळीला पातं सुटलं.

धर्मा ओरडला नाही. उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून म्हणाला, "आदी बंद कर रं."

करंगळी आणि तिच्या शेजारचं, अशी दोन बोटं गेली.

* * *

सरकारी दवाखान्यात कंपाउंडर वहीत लिहीत होता.

"जखमीचं नाव?"

"पातं मी बसवलं होतं," मामा म्हणाले.

"वय किती?"

"बोल्ट मीच आवळला."

कंपाउंडरने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, म्हातारा भेदरलाय. मलाही तेच वाटलं. मी मामांच्या मागे उभा होतो. "मामा," म्हणालो. मग जरा मोठ्याने म्हणालो. बाकावरच्या एका बाईने वळून बघितलं, मामांनी नाही. शेवटी खांद्याला हात लावला, तेव्हा ते वळले आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघू लागले.

शेठना ताटकळत ठेवायची ती हिंमत काय होती, ते मला तिथे कळलं.

"कधीपासून?" मी ओठ हलवून विचारलं.

"रेल्वेत असतानाच कमी झालं होतं. उरलेलं इथे गेलं."

"मग मशीनचं कळायचं कसं?"

"हाताला कळायचं. मशीनच्या अंगावर हात ठेवला की सैल बोल्ट हाताला लागतो." मग त्यांनी तळवा सदऱ्याला पुसला. "आज सगळे बघत होते. म्हणून हाताऐवजी कान लावला."

* * *

हे मी शेठना सांगितलं नाही. मामांनी स्वतः जाऊन सांगितलं. शेठ त्यांना काढून टाकतील असं आम्हाला वाटलं होतं. शेठ एवढंच म्हणाले, "बेनीभाय, मग इतकी वर्षं मी ओरडत होतो ते सगळं फुकट गेलं म्हणायचं." आणि उठून नमाजाला गेले.

त्यानंतर मामांनी एकट्याने पाती कधी बसवली नाहीत. ते बसवायचे, मी बोल्ट तपासायचो, मशीन मोकळं फिरवून ऐकायचो. मी मान हलवली तरच फळी पुढे. कधी कधी काहीच नसताना मी उगीच दुसऱ्यांदा ऐकायचो. मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे असायचे, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. आमच्यापैकी कुणी त्यांचा तो चेहरा चहाच्या दुकानात करून दाखवला नाही.

धर्मा दोन महिन्यांनी आला. शेठनी त्याला दारावर राखणीला बसायला सांगितलं.

"दारावर काय धरू? फलीच धरतो," म्हणाला, आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. तीन बोटं आणि डावा हात, यांवर त्याने काम बसवलं.

मामांशी मात्र तो एक शब्द बोलला नाही. मामा सकाळी आले की त्याच्यासमोर उभे राहायचे, तो मान हलवायचा, बस. रागाने म्हणावं, तर मामांचा पाण्याचा तांब्या रोज तोच भरून ठेवायचा. राग नाही म्हणावं, तर दहा-बारातला एखादा शब्द त्यांच्या वाट्याला द्यायला काय हरकत होती? मी एकदा विचारलं. धर्मा म्हणाला, "फली घाल." अशी तीन वर्षं गेली.

* * *

मामांचे दोन्ही मुलगे आधीच इस्राएलला गेले होते. मामी वारल्यावर त्यांनी बापालाही बोलावून घेतलं. पनवेलमधली ज्यूंची कितीतरी घरं त्या वर्षांत अशीच बंद झाली.

मुंबईहून बोट होती. सकाळच्या एसटीला आम्ही सगळे स्टँडवर गेलो. शेठनी खजुराची पुडी आणली होती. मामांनी मला पाती केव्हा बदलायची, पट्टा किती ताणायचा, सगळं पुन्हा सांगितलं, जसं काही मी कालच कामाला लागलो होतो. सगळ्यांचं पाया पडून झालं, गळाभेटी झाल्या. धर्मा लांब उभा होता.

गाडी सुटायची वेळ झाली तसा तो पुढे आला. मामांची ट्रंक त्याने टपावर चढवली, खाली उतरला, आत शिरला आणि मामांच्या शेजारी बसला. आम्हाला वाटलं निरोप घेतोय. कंडक्टरने घंटी दिली. धर्मा उठला नाही. गाडी गेली, धर्मा गाडीतच.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कामाला आला. तेव्हा ठाण्यावरून जावं लागायचं, म्हणजे मुंबईपर्यंत निम्मा दिवस दोघं एका बाकावर बसलेले. दुपारी भाकरी सोडताना मी विचारलं.

"काही बोललात का रे?"

"बोललो."

"काय?"

"सगला. तीन वर्साचा सगला बोललो."

"आणि मामा?"

धर्माने भाकरीचा तुकडा मोडला. "मी तोंड खिडकीकडं करून बोललो. त्यांना काय कललाच नाय."

त्याने भाकरी संपवली, तांब्याने पाणी प्यायला आणि जागेवर जायला उठला.

"बरा झाला," म्हणाला.