बाजरीचे देवरे सर

देवरे सरांची आणि माझी ओळख गंगापूर रोडजवळच्या मैदानावर झाली आणि ती करून दिली माझ्या कुत्र्याने. शेरा पुढे, साखळी ताठ आणि तिच्या टोकाला फरफटणारी मी, अशी आमची वरात रोज सकाळी निघत असे. त्या दिवशी शेरा कट्ट्यावर बसलेल्या एका गृहस्थांपाशी जाऊन थडकला. त्यांच्या पायाशी बाजरीच्या रंगाची एक गावठी कुत्री शांत बसली होती. गृहस्थ म्हणाले, "हुशार आहे तुमचा कुत्रा. ओढलं की पुढं जायला मिळतं, हे किती पक्कं शिकलाय. शिकवलं कुणी?" मी म्हणाले, कुणीच नाही. त्यांनी फक्त माझ्या हातातल्या साखळीकडे पाहिले. मला चांगलाच राग आला होता. तरी दुसऱ्या दिवशी मी तिथेच गेले आणि आज त्या मैदानावरचा कुत्री शिकवायचा रविवारचा वर्ग मी घेते.

यशवंतराव देवरे मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. "तिथं जन्मभर ओरडलो," ते सांगतात, "मशीन एक सुधारलं नाही. माणसं तेवढी बहिरी झाली." निवृत्तीनंतर त्यांनी कुत्री शिकवायला घेतली ती आवाज न चढवता. त्यांची पद्धत ऐकायला सोपी आहे. कुत्र्याचे चुकले की काही बोलायचे नाही. बरोबर केले की त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणायचे आणि कमरेच्या पिशवीतला वाळवलेल्या भाकरीचा तुकडा द्यायचा. शिकवणी थांबवायची ती मात्र नेहमी त्याला हमखास जमणाऱ्या गोष्टीवर. "हरलेलं घरी पाठवायचं नाही," हे सरांनी आमच्याकडून घोटून घेतले आहे. नव्या माणसाला सर पहिल्या दिवशी कुत्र्याला शिकवूच देत नाहीत, त्यालाच कुत्रा करतात. बाकीच्यांनी मनात एक काम ठरवायचे आणि तो त्या कामाच्या जवळ आला की फक्त 'शाब्बास' म्हणायचे. भलेभले साहेब मैदानाच्या मधोमध कावरेबावरे होऊन उभे राहतात. पुढे ते आपल्या कुत्र्यावर सहसा ओरडत नाहीत.

बाजरी त्यांना लासलगावच्या कांदा मार्केटात भेटली. ट्रॅक्टरखाली राहायची आणि काठी दिसली की जागीच लघवी करायची. सर भाच्याकडे पाहुणे म्हणून गेले होते. ते तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि मागच्या मागे भाकरीचे तुकडे टाकत राहिले. मुक्काम लांबला. भाचा कंटाळून म्हणाला, "मामा, लय भेदरट हे ती. नाय यायची. चला जेवायला." सर उठले नाहीत. अखेर एका दुपारी तिने त्यांच्या पाठीला नाक लावले. तेव्हाही ते वळले नाहीत. वळलो असतो तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असे ते म्हणतात.

माणसांशीही सर असेच वागतात. देवळाली कॅम्पातल्या एका फौजीची बदली लांब झाली आणि त्याच्या कुत्र्याने अन्न सोडले. सर दुपारच्या बसने जात, फौजीच्या बायकोला सोबत घेऊन त्याच्या जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवत आणि नुसते बसून राहत. कुत्र्याने टॉवेल हुंगून पहिला घास खाल्ला तेव्हा त्या बाई रडू लागल्या. सर कुत्र्याला "शाब्बास" म्हणाले आणि मग बाईंना म्हणाले, "तुम्हालाही."

सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या. रोज संध्याकाळी त्या देवळातून परत यायच्या वेळेला बाजरी फाटकाशी जाऊन बसू लागली. सरांनी हाक मारली की यायची, भाकरी खायची आणि पुन्हा फाटकाशी जायची. "सगळं शिकवलं तिला," सर एकदा म्हणाले, "पण वाट बघायची नाही, हे कसं शिकवतात ते मला येत नाही."

गेल्या थंडीत बाजरीची किडनी थकली. डॉक्टर शेवटचे इंजेक्शन घेऊन घरी आले तेव्हा मी तिथे होते. तिला उठता येत नव्हते, मानही उचलवत नव्हती. सर जमिनीवर तिच्याजवळ आडवे झाले आणि तिच्याशी नेहमी बोलत त्या अहिराणीत म्हणाले, "आठे देख, माय." बाजरीने डोळे त्यांच्याकडे वळवले. तिला तेवढेच जमत होते. सरांनी "शाब्बास" म्हणून भाकरीचा कण तिच्या जिभेवर ठेवला आणि डॉक्टरांना मान हलवून खूण केली.

त्यानंतर सर मैदानावर येतात, पिशवीही कमरेला असते, पण शेजारची जागा रिकामी असते. आम्ही एक पिल्लू आणले, काळे, डावा कान पडलेले. सरांनी हात जोडले. "मी पंचाहत्तरीचा माणूस. मी गेल्यावर ही पोर फाटकाशी बसून राहील. तुमच्या काकूंच्या मागं बाजरी बसलेली पाहिलीये मी. पुन्हा कुणाला तसं बसवणार नाही."

मग आम्ही त्यांचीच विद्या त्यांच्यावर चालवली. आग्रह सोडला. दर रविवारी पिल्लाला कट्ट्यापासून अंतरावर ठेवतो आणि सगळे दुसरीकडे पाहत बसतो. परवाच्या रविवारी पिल्लू आपण होऊन कट्ट्यापाशी गेले आणि बसले. सरांच्या तोंडून "शाब्बास" निघून गेले, हात पिशवीत गेला. आपण हे कुणाला म्हणालो ते ध्यानात आले तेव्हा त्यांचे डोळे भरले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळे दिसत होते, तरी आम्ही वळलो नाही. पिल्लू अजून माझ्याकडेच आहे.

अशा गौरवलेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य चिंतायची रीत आहे. सर, आमचे मागणे लहान आहे. या पोरीच्या आयुष्याएवढे आयुष्य तुम्हाला लाभो, धडधाकट पायांनी आणि त्या भाकरीच्या पिशवीसकट. तुम्ही तिला घरी न्या. आणि तरीही तिच्यावर फाटकाशी बसायची वेळ आलीच, तर मी येईन. भाकरीचे तुकडे घेऊन, तिच्याकडे पाठ करून तुमच्या फाटकाशी बसेन. ती माझ्या पाठीला नाक लावेपर्यंत मी उठणार नाही.