दिसत नाही

रफूमास्तरांच्या कामाची पावती गिऱ्हाईक एका वाक्यात द्यायचं, "कुठे फाटलं होतं, दिसतच नाही!" तेवढं ऐकलं की स्वारी दिवसभर खूश. बायको चिडवायची, की बाकीचे लोक नजरेत भरावं म्हणून राबतात आणि आमचे हे, नजरेत येऊ नये म्हणून.

मग संध्याकाळी मास्तर घरातल्याच खुर्चीला धडकू लागले. उन्हात डोळे दिपायचे, समोर ठिणग्या नाचायच्या. चष्मा बदलला, पुन्हा बदलला. पण निळ्या कोटात त्यांनी जांभळा दोरा भरला, तेव्हा बायकोने त्यांना दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून छातीचा फोटो काढायला लावला. डोळे दाखवायला गेलेला माणूस, आणि गाठ निघाली फुप्फुसात!

बाईंनी नीट समजावलं. शरीर त्या कॅन्सरच्या गाठीवर चालून गेलं, आणि त्याच भरात डोळ्यामागच्या पडद्यालाही शत्रू समजून बसलं. आता गाठीला केमो, आणि शरीराचा हा राग आवरायला स्टेरॉइड. गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली टिकवायची धडपड करू.

मास्तरांनी 'उरलेली' तेवढं धरून ठेवलं. त्या उरलेल्या नजरेत त्यांना बायकोची करडी शाल रफू करायची होती. लोकांचं सांधता सांधता घरचं भोक वर्षानुवर्षं तसंच राहिलं होतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं.

औषधांनी गाठ आक्रसली, त्यांचं भलं होवो. डोळे मात्र कुणाचं ऐकेनात. मास्तर रोज खिडकीशी बसत, बायको सुईत दोरा ओवून देई. काम कसं चाललंय विचारलं, की म्हणत, चाललंय की झकास.

एका दुपारी त्यांनी शाल तिच्या हातात दिली. "बघ गं. दिसतंय का?"

दोऱ्याचा नुसता गुंता झाला होता. कापड चुण्या पडून आवळलं होतं, आणि भोक शेजारी तसंच उघडं होतं.

"अहो, कुठे होतं तेच दिसत नाही."

मास्तरांनी शाल परत घेतली आणि त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"मलाही नाही गं," ते म्हणाले. "खिडकीशी बसायला लागलो तेव्हापासूनच नाही."

तिला राहवेना. त्याच शालीत तोंड खुपसून ती हमसाहमशी रडली, आणि मास्तर चाचपडत तिचा खांदा शोधत राहिले.